आजऱ्यात बंद पडलेली फियाट

केसरकरांच्या पेट्रोल पंपासमोर गाडी थांबली आणि आम्ही तिघंही शिंकतच खाली उतरलो. आधी मामा, मग मामी, मग मी. स्वागताला पुढं आलेले केसरकरअण्णा नमस्काराचे हात जोडून तसेच उभे राहिले. मुलगी बघायला आलेली माणसं दारातच शिंकली, आता याला शुभ समजायचं की अशुभ, ते त्यांना ठरेना.

"घाबरू नका," मामा नाक पुसत म्हणाले, "आमच्या गाडीतनं उतरल्यावर गव्हर्नरसुद्धा शिंकतोय."

गव्हर्नर काही आमच्या गाडीत कधी बसला नव्हता. पण शिंकेचं खरं होतं. मामांची गडहिंग्लजला मिरचीची अडत. आठवडाभर ती फियाट मिरचीची पोती वाहायची आणि सणासुदीला माणसं. संकेश्वरी मिरचीचा खकाणा तिच्या गाद्यांत इतका मुरला होता की एकदा एक चोर ती पळवायला आत शिरला आणि शिंका आवरेनात म्हणून स्वतःच दार उघडून आमच्या घरी पाणी मागायला आला. मामीनं त्याला पाणी दिलं, वर गुळाचा खडाही दिला. हे मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसू देत.

गाडी ती गोल पाठीची, बुटक्या नाकाची, जिला सगळे डुक्कर फियाट म्हणायचे. मामांच्या समोर मात्र तो शब्द कुणी काढायचा नाही. बेळगावच्या एका डॉक्टरांकडून त्यांनी ती घेतली तेव्हा मिरचीच्या पेठेत दुसरी गाडी नव्हती. तिला मीच हाकायचो, मीच धुवायचो, बिघडली तर मीच तिच्या पोटात शिरायचो. माझे आईबाप मी लहान असतानाच गेले. मामामामींना मूलबाळ नव्हतं. म्हणजे त्या घरात मी आणि फियाट अशी दोन लेकरं, आणि दोघांत लाड कुणाचे जास्त हे सांगणं अवघड होतं.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती, मळ्यामळ्यांतून गुऱ्हाळं पेटली होती. घरातली दोन लेकरं एकदम मुलगी बघायला निघणार म्हणून मामीनं सकाळी आंघोळ करून, ओल्या केसांनी गाडीची पूजा मांडली. बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबं, स्टिअरिंगला झेंडू. मग मागं जाऊन पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर कालवलेल्या हळदीकुंकवाचा अंगठा दाबून उमटवला, त्यावर अक्षता चिकटवल्या. इथं कशाला, असं मी विचारलं. तर म्हणाली, बैलाच्या कपाळाला लावतो, शिंगाला लावतो, मग ही ज्या तोंडानं पिती ते तोंड कोरडं ठेवायचं? यावर कोण काय बोलणार! आणि मामीच्या हातची पूजा पुसायची नाही, झडेल तेव्हा ती आपोआप झडेल, हा आमच्या घरचा नेम होता.

एरवी या गाडीचं दुखणं सकाळचं असायचं. थंडीत ती उठायची नाही. चोक ओढा, थांबा, पुन्हा ओढा, हँडल मारा, एखादी शिवी हासडा, मग कुठं खोकत खोकत जागी व्हायची. त्या दिवशी मात्र पहिल्या फटक्यात चालू झाली. मामी म्हणाली, बघा. आणि वाटेत भलतंच झालं. उसाच्या रानातून जाता जाता गाडी धापा टाकायला लागली आणि गप्प झाली. काही केल्या चालू होईना. बराच वेळ बसून राहिल्यावर आपोआप झाली. आजऱ्याच्या अलीकडं पुन्हा तेच. मी बॉनेट उघडायला निघालो तर मामांनी दंड धरून मागं ओढलं. कपड्याला ग्रीस लागलं तर नवरदेव म्हणून दाखवायचं कुणाला? आणि वर ताकीद दिली, गाडी वाटेत दोनदा बसली हे तिथं चुकूनही बोलायचं नाही. गाडीतनं आलेली माणसं वेगळी आणि गाडी ढकलत आलेली माणसं वेगळी.

केसरकरांचं घर पंपाच्या मागंच होतं. दांडा हलवून पेट्रोल वर चढवायचा जुना पंप, त्याच्या पलीकडं तुळस, पलीकडं पडवी. आत घनसाळ तांदळाचा वास सुटला होता. आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि थोड्या वेळानं शालन चहाचा ट्रे घेऊन आली.

आता ती कशी दिसत होती हे मी सांगायला लागलो तर तुम्ही म्हणाल, झाली याची सुरुवात. म्हणून सांगत नाही. एवढंच सांगतो की मामांनी तिला स्वयंपाकाचं विचारलं, मामीनं शिवणाचं विचारलं आणि मला विचारायला काहीच उरलं नाही, म्हणून मी आपली एक गोष्ट सुरू केली. आंबोलीच्या घाटात आमच्या फियाटचे ब्रेक गेले, समोरून लाकडाचा ट्रक, एका बाजूला दरी, आणि मी कसं नुसत्या हँडब्रेकवर गाडी वळणात उभी केली. मामा माना डोलवत होते. केसरकरअण्णांनी कपाळाला हात लावला. शालन कपात चहा ओतत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तेव्हा गाडी कितव्या गिअरमध्ये होती?"

मी म्हणालो, तिसऱ्या.

"मग उभी राहिली नसती," ती म्हणाली, आणि कप माझ्यापुढं धरला.

तिची आई आतून खाकरली. मामी मात्र हसली. हळूच, पदराआड, पण हसली. मामीला मी तोंडानं कधी काही सांगितलं नसेल, तरी माझ्या चेहऱ्यावरचं तिला कळायचं. माझ्याकडं एकदा बघून तिनं पुढचे प्रश्न सोडून दिले आणि शालनच्या आईला तांदूळ कुठल्या रानातला हे विचारायला लागली. एवढं झालं की आमच्या घरचा निकाल लागला असं समजायचं. मामा अर्थात तिथं काही बोलणार नव्हते. वरपक्षानं जागेवर होकार द्यायचा नसतो, घरी जाऊन कळवायचं असतं. त्याप्रमाणं 'कळवतो' म्हणून आम्ही उठलो, गाडीत बसलो, मी स्टार्टर ओढला.

गाडीनं घर्र घर्र केलं आणि पुढं काही नाही.

पुन्हा ओढला. चोक दिला, चोक काढला. घर्र घर्र. दारात सगळी मंडळी हात हलवायला उभी. हलवायचा हात किती वेळ वर धरायचा? हळूहळू एकेकाचा हात खाली आला. मी शेजारी बघितलं तर मामांचा चेहरा मिरचीच्या रंगाचा झाला होता.

वाटेत दोनदा बसलेली तीच ही गाडी, हे आम्हा तिघांनाच ठाऊक. त्या लोकांना काय दिसलं? धडधाकट आलेली गाडी त्यांच्या दारात बंद पडली. केसरकरअण्णा दोन पायऱ्या उतरले आणि तिथंच थांबले. बायको त्यांच्याकडं बघायला लागली. आणि मामा, ज्यांनी बोलायला हवं होतं, ते बोलले भलतंच. गाडीतनं उतरून, धोतराचा सोगा सावरत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजवर कधी कुणाच्या दारात बसली न्हाई. आजच बसली."

मामीनं डोळे मिटून घेतले. शकुन-अपशकुनाचं तिला फार. आत बसून हसलेली बाई ती हीच का, असा प्रश्न पडावा असा तिचा चेहरा झाला. गाडी चालू झाली नाही तर हे स्थळही होणार नाही, हे मला तिथल्या तिथं कळलं. कोट काढून मी मागच्या सीटवर टाकला आणि बॉनेट उघडलं.

केसरकरअण्णा धावपळ करायला लागले. मामामामींना पडवीत बसवलं, पुन्हा चहा टाकायला सांगितला, आणि कदाचित टाकीत पेट्रोलच नसेल, असं भीत भीत सुचवलं. मामा म्हणाले, आमची टाकी कायम भरलेली असते. तरी अण्णांनी शालनला हाक मारून कॅन न्यायला सांगितलं. पंपावर त्यांना मदतीला तीच असायची. शाळेत होती तेव्हापासूनच रोज दिवेलागणीपर्यंत दांडा तिच्याच हातात. कुठली गाडी कशानं खोकते हे तिला स्वयंपाकघरात बसून कळायचं, हे मला पुढं कळलं.

मी इंजिनात वाकलो होतो. प्लगची वायर काढून ठिणगी बघितली, ती निळी, टणटणीत. म्हणजे आग होती. कार्बोरेटरला पेट्रोलची एक वाटी असते, तिचं झाकण काढलं तर आत कोरडं. म्हणजे पाणी नव्हतं. नळी सोडवून हँडल मारलं तर नळीनं थुंकी टाकल्यासारखं चार थेंब टाकले आणि बस.

"पेट्रोल येत नाही," मी स्वतःशीच म्हणालो.

"वाटेत बंद पडली होती का?"

कॅन घेऊन ती गाडीच्या पलीकडं उभी होती. पडवीतून दिसेल अशी, आणि ऐकू जाणार नाही अशी. मी मामांकडं बघितलं. ते बशीत चहा ओतत होते. तोंडातून गोष्ट सुटली की मागं घ्यायची नाही, तिच्यावर दुसरी रचायची, ही माझी आयुष्यभराची रीत. त्या वेळी मात्र मला एकही रचता आली नाही.

"दोनदा," मी म्हणालो. "मामांनी सांगू नको म्हटलंय."

"कशी? एकदम, का दम लागल्यागत?"

"दम लागल्यागत. मग थोडं थांबल्यावर आपोआप सुरू."

तिनं कॅन खाली ठेवला. तिचे खांदे खाली आले, तेव्हा मला कळलं की इतका वेळ ते वर चढलेले होते. "म्हणजे आमच्या दाराचं काही नाही," ती म्हणाली. मी म्हणालो, काही नाही. ती मागं टाकीकडं गेली आणि झाकणाला हात घातला. झाकण सैल होताच टाकीनं सुस्स करून लांबलचक श्वास आत ओढला. मी बॉनेटपाशी उभा होतो, तिथवर तो ऐकू आला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

मी मागं गेलो. तिनं झाकण तळहातावर घेतलं होतं. त्या झाकणाला वर एक बारीक भोक असतं. टाकीतलं पेट्रोल जसजसं खाली जातं तसतशी तिथून हवा आत जायला हवी. हवा गेली नाही तर टाकी पेट्रोल सोडत नाही, आतल्या आत धरून ठेवते. त्या भोकावर मामीचा अंगठा वाळून कवडीसारखा कडक झाला होता, अक्षतांसकट. वाटेत तो ओला होता तोवर कडेनं थोडी हवा झिरपत होती, आता तीही बंद झाली होती.

"हे कुणी लावलं?"

मी सांगितलं. बैलाचं, शिंगाचं, ज्या तोंडानं पिती त्या तोंडाचं, सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही. झाकणाकडं बघत म्हणाली, "किती मनापासनं लावलंय."

मग तिनं बांगडीतली टाचणी काढली. मी म्हणालो, नखानं खरवडून टाकू सगळं. तिनं मान हलवली. पूजा पुसायची नसते, हे आजऱ्यातही होतंच. कुंकवाच्या बोटाच्या बरोबर मधोमध, एकही अक्षत न पाडता, तिनं टाचणीचं टोक अलगद फिरवलं आणि भोकातून वर फुंकर मारली. पिवळी लाल भुकटी उडाली, तिच्या हनुवटीला लागली. झाकण जागेवर बसवून ती मला म्हणाली, आता करा चालू.

खरं तर मी जाऊन करायला हवी होती. रोग सापडला होता, औषध झालं होतं. पण ज्या क्षणी गाडी चालू होणार त्या क्षणी मी आत बसणार, ती घरात जाणार, आणि पुढची भेट अंतरपाटाच्या पलीकडं. गाडी आजारी होती तोवरच आम्हाला एकमेकांशेजारी उभं राहायची परवानगी होती.

"कॉइल एकदा बघायला पाहिजे," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. चांगलं बघितलं. मग पान्हा उचलून हातात घेतला आणि म्हणाली, "पॉइंटही बघा की. घासून घेतलेले बरे."

असा मग आम्ही त्या चांगल्या गाडीचा इलाज सुरू केला. मी कॉइल पुसली. पॉइंट घासले. एअर क्लीनर उतरवला, उन्हात धरला, पुन्हा बसवला. कार्बोरेटरचा जो स्क्रू जन्मात कुणी फिरवला नव्हता तो काढला आणि होता तसाच घातला. ती पान्हे देत होती, आणि कुठला पान्हा हे मी सांगायच्या आधी तिच्या हातात तो असायचा. पडवीतून मामा सल्ले देत होते. प्लग साफ कर, प्लग. सगळा दोष प्लगचा असतो. मी होय मामा म्हणून प्लगही साफ केले.

तेवढ्यात तिनं मला विचारलं, "तुमच्यात बाईमाणसानं गाडीला हात लावलेला चालतो?"

"मामी लावते. पूजेपुरता."

"आणि हाकायला?"

"आजवर कुणी मागितली नाही."

"मी मागीन," ती म्हणाली. "इथनं गाड्या घाट उतरून वेंगुर्ल्याला जातात. पेट्रोल मी घालते आणि समुद्र ती माणसं बघून येतात. जाताना एक तोंड असतं, येताना वेगळंच असतं. मी पंपावरनं बघते ना."

"तुम्ही नाही बघितला अजून?"

"मी त्या वळणाच्या पुढं गेलेली नाही."

तिनं ज्या वळणाकडं बोट केलं ते तिथून दिसत होतं. मी म्हणालो, मग लग्न झाल्यावर आधी तिकडंच जाऊ. आमच्याकडं नवं जोडपं आधी जोतिबाला जातं, ते तिच्याकडंही होतं.

"जोतिबाच्या आधी?"

"देव काय पळून जातोय?"

"आणि समुद्र जातोय होय?" ती म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा मोकळी हसली. हनुवटीवरची भुकटी अजून तशीच होती. पुस म्हणून सांगावं असं माझ्या दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा मी सांगितलं नाही.

ऊन भिंतीवर चढलं. आता आणखी काही उघडलं असतं तर गाडीचे सुटे भाग पाटीतून घरी न्यावे लागले असते. मी आत बसलो, स्टार्टर ओढला, आणि फियाट अशी सुरू झाली की पंपावर पाणी पीत असलेली म्हैस दावं तोडून मागच्या परड्यात गेली. म्हशीचं थोडं वाढवून सांगतोय, पण आवाज तसा होता.

सगळं अंगण बदललं. मामा पडवीतून उतरले ते गव्हर्नर होऊनच. प्लग, मी म्हणालो नव्हतो प्लग? केसरकरअण्णा त्यांचा हात दोन्ही हातांत धरून हलवायला लागले. आणि मामी, जी इतका वेळ डोळे मिटून बसली होती, ती उठून थेट शालनपाशी गेली. ही पोरगी गाडीपाशी येऊन उभी राहिली आणि गाडी उठली, एवढंच तिनं बघितलं होतं. तिचा गाल धरून म्हणाली, "पायगुणाची हाईस गं बाई." आणि अण्णांच्या बायकोला म्हणाली, साखर आणा. 'कळवतो' नाही, 'साखर आणा'. वरपक्षाचा होकार जागेवर, आणि तोही मामांना न विचारता. मामा हसून दुसरीकडं बघायला लागले. मला आजही तो सगळा घोळका दिसतो. गाडी घुमतेय, साखरेची वाटी फिरतेय, शालन खाली बघतेय.

मग मामीनं करंडा मागितला. गाडी उठली, तिला कुंकू लावायला नको?

शालनच्या आईनं करंडा आणून दिला. मामीनं हळदकुंकू कालवलं, बॉनेटवरच्या स्वस्तिकावर बोट फिरवलं, आणि मागं निघाली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी दार उघडून उतरेपर्यंत मामी टाकीपाशी वाकली होती. अंगठा भिजवलेला. आणि झाकणाला लावायच्या आधी शालनचा हात मध्ये आला. झाकणावर तिनं तळवा पालथा ठेवला होता. विचार करून ठेवलेला तो हात नव्हताच. पंपावर कुणी विडी पेटवली तर जसा आपोआप पुढं जाईल, तसा गेला.

"तिथं नको, मामी."

मामीला आधी कळलंच नाही. का गं, असं तिनं प्रेमानंच विचारलं आणि तो हात बाजूला केला. केला तेव्हा तिला तिचा सकाळचा अंगठा दिसला. आणि त्याच्या मधोमध टाचणीनं पाडलेलं भोक.

"हे कुणी केलं?"

इंजिन चालू होतं, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. शालन म्हणाली, "मी." मग सगळं सांगितलं. हवेचं, टाकीचं, दम लागण्याचं. हळू आवाजात, एकेक शब्द जपून. कुणाला दोष लागणार नाही असं सांगायला ती धडपडत होती, आणि जितकं सांगेल तितका तो लागत होता. मामांचे प्लग गेले. मामीची पूजा गेली. माझ्या सोयरिकीसाठी पहाटे उठून ओल्या केसांनी केलेली पूजा, तिनंच गाडी अडवली होती.

"पूजा पुसली नाही, मामी," शालन शेवटी म्हणाली. "नुसती श्वासापुरती जागा केली."

मामीनं भिजवलेला अंगठा पदराला पुसला. "अजून उंबरा ओलांडला न्हाईस पोरी," ती म्हणाली, "आणि जागा करायला लागलीस."

मी पुढं झालो. म्हणालो, मामी, तिनं गाडी चालू केली. पूजेला धक्का लागू नये म्हणून टाचणीनं केलं तिनं, मी तर सगळंच खरवडणार होतो. मामीनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी तिला कसंही हसवलं असतं, ते मला जमायचं.

"तुला ठाऊक होतं?"

"होय."

"मघापासनं?"

"होय, मामी."

"आणि एवढा वेळ तुम्ही दोघं काय दुरुस्त करत होता?"

याचं उत्तर अंगणात सगळ्यांपुढं सांगायचं नव्हतं. मामी गेली आणि गाडीत बसली. अण्णांनी मामांना हात जोडले, मामा म्हणाले, कळवतो. मघाशी साखर वाटलेली, आता पुन्हा कळवतो. शालनची आई तेवढ्यातही रीत सोडायला तयार नव्हती. करंडा घेऊन ती गाडीच्या खिडकीशी आली. सवाशीण बाई घरातून निघताना कुंकू लावून घेतेच, घरात भांडण झालेलं असलं तरी घेते. तिनं बोट पुढं केलं. मामीनं तोंड दुसऱ्या खिडकीकडं वळवलं.

ते बोट थोडा वेळ तसंच खिडकीत राहिलं. मग मागं गेलं. त्यानंतर कुणाला काही कळवायचं राहिलं नाही.

गोंधळात कुणीतरी गाडी बंद केली होती. मी आत बसलो. शालन पंपाला टेकून उभी होती, दांड्यावर हात ठेवून. मी स्टार्टरला हात घातला आणि मनात म्हणालो, बाई, एवढं एकदा ऐक. वर्षानुवर्षं तुला पहाटे उठवली, तुझ्यासाठी हाताची सालटी काढली, आज एकदा नको उठू. आणि ओढला.

पुरता ओढलाही नव्हता. तेवढ्यात सुरू झाली.

मी मामीला पुढं कधी दोष दिला नाही. तीही पुढं कधी त्या दिवसाबद्दल बोलली नाही, फक्त त्यानंतर तिनं गाडीची पूजा केली नाही. दुष्काळानंतर शालनचं लग्न कोकणातल्या एका मास्तरांशी झालं असं ऐकलं. म्हणजे तिनं समुद्र बघितला असणार. बघून आल्यावर तिचा चेहरा कसा झाला असेल, याच्या मी पुष्कळ गोष्टी रचल्या आहेत. सगळ्या एकापेक्षा एक चांगल्या आहेत. कुणाला सांगितलेल्या नाहीत.

पण त्या संध्याकाळचं सांगत होतो. आजरा मागं पडला. मागच्या सीटवर मामी पदराचं टोक दातांत धरून बसली होती. प्रत्येक वळणाला मी कान देत होतो, आता दम लागेल, आता थांबेल. मग मी उतरेन, मग काहीतरी होईल, कुणीतरी म्हणेल, परत फिरू. गाडी पाण्यासारखी चालली होती. मिरचीचा वाससुद्धा येईना. उसाचं रान आलं आणि गेलं. अर्ध्या वाटेवर मामांना राहवलं नाही. डॅशबोर्डवर थाप मारून म्हणाले, "काय पळतीय बघ. घेतल्यापासनं कधी अशी पळली न्हाई."

"होय, मामा," मी म्हणालो.

गडहिंग्लजला पोचलो. मामामामी उतरून आत गेले. मी गाडी शेडमध्ये लावली, किल्ली फिरवली, आणि गाडी बंद झाली. एवढंच करायचं होतं. वाटेत कुठंही करता आलं असतं. ते मला सुचलं ते तिथं, किल्ली हातात आल्यावर.